कुलूपबंद घरे आणि दारोदार हिंडणारे तरुण

माझा पुतण्या सांगलीहून नोकरीसाठी मुंबईस आला, त्याला आता वर्ष होत आले. लोअर परळमधील एका कार्यालयात त्याला बरी नोकरी लागली, घरी पेढे वाटले गेले. नोकरीसाठी त्याला दोन मुलाखती द्याव्या लागल्या. घरासाठी किती दिल्या, याची गणती नाही. लग्न झाले आहे काय? रात्री किती वाजता परतता? मित्रमंडळी येणार काय? सालस, निर्व्यसनी मुलगा. परंतु ‘एकटा’ हा एकच दोष त्याला प्रत्येक दारातून परत पाठविण्यास पुरेसा ठरला.

जेथे होकार मिळाला, तेथे हिशेब आडवा आला. वन बीएचकेचे भाडे पन्नास हजार, अनामत दोन लाख, दलालाला एका महिन्याचे भाडे. म्हणजे पहिली रात्र काढण्यापूर्वीच तीन लाख रुपये मोजावयाचे, आणि अकरा महिन्यांनी पुन्हा बिऱ्हाड पाठीवर घेण्याची तयारी ठेवावयाची. त्याचा पगार साठ हजार. अखेर तो बदलापूरला राहिला.

बदलापूर हे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ६८ किलोमीटरवर. घराच्या उंबरठ्यापासून कार्यालयाच्या दारापर्यंत जाण्यास दोन तास, येण्यास दोन तास. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर शंभर तास; वर्षाचे बाराशे. म्हणजे वर्षातील पन्नास अखंड दिवसरात्री हा तरुण केवळ प्रवासात घालवितो. त्याचे लग्न ठरले आहे. उद्या घरात मूल आले, तर ते जागे असताना त्याला बाप केव्हा दिसणार? कुटुंबव्यवस्था हा आपल्या समाजाचा कणा आहे, असे आपण व्याख्यानांतून सांगतो. तो कणा रोज सकाळी ७.०५ च्या लोकलमध्ये किती वाकतो, याचाही विचार व्हावयास हवा.

मुंबई पूर्वीपासून अशी नव्हती. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, मुंबईत सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले आणि त्याने चाळी बांधल्या. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. १६० चौरस फुटांची खोली आणि मजल्याला सामाईक शौचकूप. त्या जगण्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तथापि, एक गोष्ट मान्य करावीच लागेल. गिरणीचा भोंगा ऐकून निघालेला कामगार पायी पाळीवर पोहोचत असे. कोकणातून, घाटावरून आलेल्या एकट्या तरुणाला गावकीच्या खोलीत पथारी मिळे आणि खानावळीत दोन वेळचे जेवण. ‘तुम्ही एकटे आहात, जागा मिळणार नाही’ असे गिरणगावाने त्याला कधी म्हटले नाही. भजनी मंडळे, व्यायामशाळा, गणेशोत्सव हे सारे त्याच्या वाचलेल्या वेळातून उभे राहिले.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन भाग करावयाचे ठरविले : एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ मध्ये या नियमात बदल झाला आणि ही वाटणी संपूर्ण जमिनीऐवजी केवळ मोकळ्या जागेपुरती उरली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. परिणाम डोळ्यांसमोर आहे. गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे आले, नोकऱ्या आल्या. नोकरदारांची घरे मात्र आली नाहीत. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचे प्राण गेले. दोष पुलाचा होताच. परंतु एवढ्या माणसांना रोज दुरून तेथे यावयास लावणाऱ्या नियोजनाचाही तो दोष होता.

सरकारला बोल लावून आपण मोकळे होऊ शकतो काय? २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या शहरी भागांत सुमारे १.११ कोटी घरे रिकामी होती. त्यांतील सुमारे ४.८ लाख मुंबईत, म्हणजे देशातील कोणत्याही शहराहून अधिक. ही सारीच काही धनदांडग्यांची नाहीत. त्यांत आपली, मध्यमवर्गीयांची, निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली ‘दुसरी जागा’ही आहे.

एके रविवारी पुतण्याने मला सहज विचारले, “काका, ठाण्याची तुमची जागा बंद का?” लोअर परळला जाणाऱ्या त्याला ती सोयीची नव्हती, त्याने स्वतःसाठी विचारलेही नव्हते. मी म्हणालो, “भाडेकरू बसला तर निघत नाही.” हे उत्तर माझे नव्हते, माझ्या वडिलांचे होते. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. हेतू भाडेकरूच्या रक्षणाचा होता; परंतु कालांतराने मालकांनी भाड्याने घरे बांधणेच सोडले, पागडी बोकाळली आणि जुन्या इमारती दुरुस्तीवाचून खचल्या. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही गोठवणूक आता अवाजवी झाल्याचे म्हटले. त्या काळी वडिलांची भीती खरी होती.

आज ती तशी उरलेली नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. लिव्ह अँड लायसन्स करार लेखी करून नोंदविला, तर मुदत संपल्यावर जागा परत मिळविण्यासाठी कलम २४ चा आधार आहे. जागा न सोडणाऱ्याला मुदतीनंतर दुप्पट शुल्क द्यावे लागते. नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि ती आता ऑनलाइन होते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार जागा भाड्याने देण्यास संस्थेची परवानगी लागत नाही, पूर्वसूचना पुरते. बिनभोगवटा शुल्कही सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. अविवाहितांना मज्जाव करणारे ठराव संमत करणाऱ्या आपल्या व्यवस्थापन समित्यांनी हे एकदा वाचावे.

शासनानेही आपले कर्तव्य करावयास हवे. जेथे कार्यालयांना वाढीव बांधकामाची मुभा मिळते, तेथे काही घरे भाड्यासाठीच राखली जावीत. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली आहे. महाराष्ट्रातही तसे बंधन यावे. परंतु नियोजनाची फळे यावयास वर्षे लागतात. कुलूप आजही उघडता येते.

मी ते उघडले. वागळे इस्टेटमध्ये नोकरी करणाऱ्या नांदेडच्या दोन मुली तेथे राहतात. भाडे बाजारभावाहून थोडे कमी, अनामत दोन महिन्यांची, करार नोंदविलेला. बंद खोलीला ओल आली होती. आता तेथे संध्याकाळी दिवा लागतो. त्या दोघी पायी कामावर जातात.

पुतण्या अजून बदलापूरहूनच येतो. परळ-दादरकडे अशीच एखादी जागा कुलूपबंद असेल, आणि तिचे मालक कदाचित हे वाचत असतील. त्यांनी आपल्या भीतीचे वय एकदा तपासून पाहावे, एवढीच विनंती.