गिऱ्हाईक एक, दुकानं चार



शाळेच्या फाटकाबाहेर दोन बोरंवाल्या बसल्या आहेत, अशी कल्पना करा. एकीनं वाटा दहा रुपयांना लावला, की दुसरी म्हणते, "माझा आठ!" तुम्ही कुणाकडे धावाल? देशांचंही अगदी असंच चालतं बरं का! फक्त तिथे वाट्याऐवजी जहाजंच्या जहाजं भरून माल असतो.

आपला कांदाच घ्या ना. लासलगाव, पिंपळगावचा कांदा दुबई, कोलंबो, मलेशियाला जातो. पण तिथल्या बाजारात पाकिस्तान, चीन आणि इजिप्तचा कांदाही मांडलेला असतो. कोलंबोचा व्यापारी दोनच गोष्टी विचारतो : स्वस्त कुणाचा? आणि वेळेवर कोण देईल? शेतकऱ्याला दिलेला भाव, गोणी, हमाली, ट्रक आणि जहाजाचं भाडं अशी सगळी बेरीज ज्याची कमी, त्याचा माल आधी उचलला जातो.

आता या बेरजेत सरकारी कर मिळवा. २०२३ साली शहरांत कांदा महाग होऊ लागला. तो देशातच राहावा म्हणून सरकारनं ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के कर लावला आणि ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली. काही देशांना ठरावीक कांदा दिला, तेवढाच. डिसेंबरचा लाल कांदा उन्हाळी कांद्यासारखा चाळीत टिकत नाही. मग शेतकरी थांबणार कसा? भाव कोसळले. संतापलेल्या शेतकऱ्यांनी नाशिक जिल्ह्यात ठिकठिकाणी लिलाव बंद पाडले.

तिकडे परदेशातलं गिऱ्हाईक काय करणार? ते शेजारच्या दुकानात गेलं!

४ मे २०२४ रोजी निर्यात खुली झाली, पण दोन अटींवर. टनाला ५५० डॉलरपेक्षा कमी भाव लावायचा नाही आणि वर ४० टक्के कर. करा पाहू गणित! ५५० चे ४० टक्के म्हणजे २२०. एकूण ७७० डॉलर. तेव्हा डॉलर साधारण ८३ रुपयांचा होता. म्हणजे किलोला ४६ रुपयांचा कांदा कर धरून ६४ रुपयांवर गेला. शेजारचं दुकान स्वस्त देत असेल, तर आपल्याकडे कोण येईल?

सप्टेंबर २०२४ मध्ये किमान भावाची अट गेली, कर २० टक्क्यांवर आला. १ एप्रिल २०२५ पासून तोही गेला. पण मुलांनो, कर एका दिवसात जातो, गिऱ्हाईक मात्र एका दिवसात परत येत नाही. दुसऱ्याकडून माल घ्यायची त्याला सवय झालेली असते. शिवाय "हे पुन्हा मध्येच दुकान बंद करतील का?" ही धास्ती असतेच. भाव कमी करता येतो, पण भरवसा हळूहळूच मिळवावा लागतो.

मग सरकार चुकलं का? उत्तर सोपं नाही. हातावर पोट असलेल्या घरात कांदा महागला, की ताटातला घास कमी होतो. आणि कांदा मातीमोल झाला, की शेतकऱ्याच्या मुलांची फी थकते.

या आठवड्याचा अभ्यास : वहीत दोन रकाने आखा, एक 'पिकवणारा' आणि दुसरा 'विकत घेणारा'. कांदा महागला, तर निर्यात थांबवावी का? आई-बाबांशी बोला आणि दोन्ही रकाने भरा. एकच रकाना भरला, तर अभ्यास अर्धाच झाला हं!