अवजारांची मालकी

बंगळूरच्या यशवंतपूर स्थानकापासून थोड्याच अंतरावर किर्लोस्कर इलेक्ट्रिकचा कारखाना होता. १९४६ साली स्थापन झालेल्या, मराठी माणसांना नावाने परिचित असलेल्या या कंपनीच्या सुमारे ४० एकर जमिनीवर आता वर्ल्ड ट्रेड सेंटरचा मनोरा, मॉल आणि श्रीमंतांची घरे उभी आहेत. जवळच जलहळ्ळीला हिंदुस्थान मशीन टूल्सची १९५३ साली स्थापना झाली. यंत्रे घडविणारी यंत्रे देशातच, सार्वजनिक मालकीत तयार झाली पाहिजेत, या विचारातून हा उद्योग उभा राहिला. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने त्याची घड्याळ-कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला.

संगणक-उद्योगातही यंत्रे घडविणारी यंत्रे आहेत. आज्ञावली लिहिण्याची, तपासण्याची आणि लिहिण्यापूर्वी तिचा आराखडा रेखाटण्याची साधने म्हणजे या क्षेत्रातील लेथ आणि मिलिंग यंत्रेच होत. त्यांची मालकी कोणाकडे आहे, हा प्रश्न बंगळूरच्या वैभवाचे गोडवे गाणारी वृत्तपत्रे क्वचितच विचारतात.

आराखड्यांची सामायिक चित्रभाषा, युएमएल, १९९७ साली प्रमाण म्हणून स्वीकारली गेली. तिच्या घडणीत अग्रेसर असलेली रॅशनल ही कंपनी २००३ साली आयबीएमने सुमारे २.१ अब्ज डॉलरना गिळंकृत केली. जगभरचे प्रोग्रामर आपले काम जेथे ठेवतात ते गिटहब २०१८ साली मायक्रोसॉफ्टने ७.५ अब्ज डॉलरना विकत घेतले. २०२१ साली तेथील सार्वजनिक आज्ञावलींवर शिकविलेले कोपायलट हे साधन पुढे आले आणि वर्षभरातच त्यासाठी दरमहा १० डॉलर आकारले जाऊ लागले. लाखो लोकांच्या, बऱ्याच अंशी विनामोबदला श्रमातून साठलेले ज्ञान एका मक्तेदार कंपनीने भाड्याने द्यावे आणि ते भाडे त्याच श्रमिकांनी भरावे, असा हा व्यवहार आहे. साधन विकत घेऊन त्याचे मालक होण्याची सोयही आता आटत चालली आहे.

भारतात हे कौशल्य नाही, असे मुळीच नाही. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेल्या टाटांच्या संशोधन केंद्रात आराखड्यावरून आज्ञावली निर्माण करणारी साधने तयार झाली; मास्टरक्राफ्ट त्यांतलेच. परंतु देशी भांडवलदारांनी आपली बहुतेक कमाई केली ती परदेशी ग्राहकांना स्वस्त श्रम पुरवून. स्वतःची अवजारे घडविण्यापेक्षा इतरांच्या अवजारांवर काम करणारी माणसे पुरविणे त्यांना अधिक किफायतशीर वाटले.

याला पर्याय आहे. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त आज्ञावलींचा मार्ग धरला आणि परवान्यांसाठी परदेशी कंपन्यांच्या दारात उभे राहण्याचे टाळले. अर्थात, मुक्त म्हटले की भांडवल दूर राहते, हा भ्रम कोणी बाळगू नये. प्रोग्रामरांचे एक्लिप्स हे साधन २००१ साली आयबीएमनेच खुले केले आणि त्यामागे औदार्य कमी, बाजारातील डावपेच अधिक होते.

मनोऱ्यातील संगणकासमोर बसणारा स्वतःला कामगार समजत नाही, अशी तक्रार आपल्या कार्यकर्त्यांत अनेकदा ऐकू येते. तीत तथ्य आहे, पण अर्धेच. याच शहरात सार्वजनिक क्षेत्रातील कामगारांनी १९८०-८१ साली ७७ दिवसांचा संप लढविला. त्या पिढीला संघटना करण्याचा हक्क कोणी आयता दिला नव्हता. माहिती-तंत्रज्ञान उद्योगाला मात्र कर्नाटक सरकारने स्थायी आदेशांच्या कायद्यातून वारंवार सूट दिली. २०२४ साली ती आणखी ५ वर्षांसाठी वाढविली. नोकरीच्या अटी लेखी व प्रमाणित असाव्यात, एवढीच त्या कायद्याची माफक अपेक्षा होती.

या परिस्थितीत २०१७ साली कर्नाटक राज्य माहिती-तंत्रज्ञान कर्मचारी संघटना नोंदविली गेली. जुलै २०२४ मध्ये कामाचा दिवस १४ तासांपर्यंत लांबविण्याचा प्रस्ताव पुढे येताच तिने विरोध उभारला. जून २०२५ मध्ये सरकारने दैनिक मर्यादा ९ वरून १० तास आणि जादा कामासह १२ तास करण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हाही ही संघटना पुन्हा रस्त्यावर आली.