आयात शुल्काची ऑनलाइन दाद : दार कुणासाठी?

१९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ केले. आधी ही माफी ३० सप्टेंबरपर्यंत होती. दहा-बारा दिवसांच्या आत ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली. वर्धा जिल्ह्यात कापूस वेचून घरात येतो, हिंगणघाट, देवळी, पुलगाव, आर्वीच्या बाजारात गाड्या लागतात, तो हाच हंगाम. नेमक्या त्याच हंगामात परदेशी गाठींना दार मोकळे झाले. अमेरिकेने ५० टक्के टॅरिफ लादल्यामुळे कापड उद्योग अडचणीत आला आणि त्याला स्वस्त कापूस हवा होता, हे समजू शकते. त्याचे गाऱ्हाणे दिल्लीत ऐकले गेले. पण कापूस पिकवणाऱ्याला कुणी विचारले? आणि त्याने दाद मागायची तर कुठल्या खिडकीवर?

हा प्रश्न आज विचारण्यास एक कारण आहे. आयात शुल्काच्या वादात दाद मागण्याची सगळी व्यवस्था कागदावरून संगणकावर जात आहे. कस्टम खात्यात संगणक आला १९९५ च्या सुमारास. २०२० च्या जून महिन्यात बंगळूर आणि चेन्नई येथे ‘फेसलेस’ आकारणीची सुरुवात झाली आणि ३१ ऑक्टोबर २०२० पर्यंत ती देशभर पोहोचली. म्हणजे माल उतरतो एका बंदरात आणि त्यावरचे शुल्क तपासतो दुसऱ्याच शहरातला अधिकारी. त्याच वर्षी अपिलाच्या सुनावण्या व्हिडिओवर होऊ लागल्या. आता अपीलही ऑनलाइन दाखल करण्याची सोय टप्प्याटप्प्याने येत आहे.

आम्ही या बदलाचे स्वागत करतो. कागदाच्या व्यवस्थेत गरिबाचे काय होते, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. कस्टम अधिकाऱ्याचा आदेश मान्य नसेल तर कमिशनर (अपील) यांच्याकडे जायचे, त्याला मुदत ६० दिवसांची. फार तर आणखी ३० दिवस माफ होऊ शकतात, त्यापुढे एक दिवसही नाही. तिथे हरलात तर १९८२ साली स्थापन झालेले ट्रिब्युनल. त्याचे पश्चिम विभागाचे पीठ मुंबईला, वर्ध्याहून रेल्वेने सुमारे साडेसातशे किलोमीटर. अपिलाच्या चार-चार प्रती, वकील, मुक्काम, तारीख. मोठ्या कंपनीला हा खर्च जाणवतही नाही. पण २०१६ साली सुरू झालेल्या स्टँड-अप इंडियाचे दहा-वीस लाखांचे कर्ज काढून एखाद्या बौद्ध तरुणाने वर्ध्यात छोटे युनिट टाकले, त्यासाठी बाहेरून एक यंत्र मागवले आणि अधिकाऱ्याने ते चढ्या शुल्काच्या वर्गात टाकले, तर तो काय करील? शुल्काची मागणी चार लाखांची असेल तर अपील ऐकून घेण्यासाठीच साडेसात टक्के, म्हणजे ३० हजार रुपये आधी भरावे लागतात. मुंबईच्या फेऱ्यांचा हिशेब मांडला की तो मुकाट्याने शुल्क भरतो. अन्याय झाला म्हणून नव्हे, तर दाद परवडत नाही म्हणून तो हरतो.

त्यातच सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये आयटीसी कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केले की, आयातदाराने स्वतःच आकारलेले शुल्क चुकीने जास्त भरले असले, तरी ती आकारणी अपिलात किंवा कायद्याने दिलेल्या अन्य मार्गाने दुरुस्त करून घेतल्याशिवाय परतावा मागता येत नाही. तात्पर्य, आज छोट्या माणसालाही अपिलाची वाट माहीत असावीच लागते. ती वाट घरबसल्या चालता आली तर ते न्यायाच्या दिशेने पडलेले पाऊलच ठरेल.

परंतु नव्या यंत्रणेची चाचणी कुणावर होते, हे पाहिले पाहिजे. २०१७-१८ साली महाडीबीटी पोर्टल आले तेव्हा आपल्या मुलामुलींच्या शिष्यवृत्त्या कशा अडकल्या, हे चळवळीतला कुणी विसरलेला नाही. त्याच वर्षी कर्जमाफीच्या ऑनलाइन अर्जासाठी शेतकरी रात्र-रात्र केंद्रांसमोर बसले. कुठे सर्व्हर बंद, कुठे अंगठा जुळेना. चूक यंत्राची आणि शिक्षा माणसाची! अपिलाच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी पोर्टल बंद पडले आणि त्या छोट्या उद्योजकाचा हक्क बुडाला, तर जबाबदार कोण? डिजिटल सही नाही, इंग्रजी फॉर्म कळत नाही, म्हणून तो पुन्हा एजंटाच्याच दारात उभा राहिला, तर साडेसातशे किलोमीटर वाचून काय साधले?

अमेरिकेचा अनुभव येथे उपयोगी आहे. आयात शुल्काच्या निर्णयाविरुद्धची हरकत तिथे ‘प्रोटेस्ट’ या नावाने दाखल होते. ती संगणकावरून घेण्याची चाचणी त्यांच्या कस्टम खात्याने १९९० च्या दशकातच हाती घेतली होती आणि २०१६ मध्ये नव्या यंत्रणेवर पुन्हा चाचणी केली. प्रोटेस्टला मुदत आहे १८० दिवसांची. आपल्याकडे ६० दिवसांची. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. त्यांच्या १९३० च्या टॅरिफ कायद्यात अशी तरतूद आहे की, आयात मालासारखाच माल देशात बनवणारा उत्पादकही त्या मालावर लावलेल्या शुल्काची माहिती मागू शकतो आणि ते चुकीचे असल्यास लेखी हरकत घेऊ शकतो. नुसता कारखानदारच नव्हे, कामगारांची मान्यताप्राप्त युनियनसुद्धा! म्हणजे ज्याच्या पोटावर पाय येतो त्यालाही तिथे, निदान कायद्यात तरी, जागा आहे.

आपल्याकडे काय आहे? कस्टम कायदा १९६२ च्या कलम १२८ मध्ये ‘बाधित व्यक्ती’ला अपिलाचा हक्क आहे, पण तो अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध. कापसाची शुल्कमाफी हा अधिकाऱ्याचा आदेश नव्हे. ती कलम २५ खाली, ‘लोकहितासाठी’ म्हणून सरकारने काढलेली अधिसूचना असते. तिच्याविरुद्ध अपील नाही. उच्च न्यायालयात रिट करता येते, पण आर्थिक धोरणात न्यायालये सहसा हात घालत नाहीत. परदेशी माल पाडलेल्या भावाने येतो म्हणून डम्पिंगची तक्रार करायची तर त्या मालाच्या देशी उत्पादनापैकी किमान २५ टक्के उत्पादकांचा पाठिंबा लागतो. चार-दोन कारखान्यांचा धंदा असेल तर हे एका बैठकीत जमते. विदर्भ, मराठवाडा, तेलंगण, गुजरातमध्ये विखुरलेल्या लाखो कापूसवाल्यांनी ते कसे जमवायचे?

कापसाचेच नव्हे, सोयाबीन आणि तुरीचेही हेच आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के मूळ शुल्क लावले, मे २०२५ अखेर ते १० टक्क्यांवर आणले. तुरीची आयात २०२१ पासून मोकळी केली. वर्ध्याच्या शेतात ही तीनच मुख्य पिके, आणि तिन्हींचा भाव दिल्लीतल्या एका कागदावर हलतो. त्या शेतात वेचणीला जाणारी भूमिहीन बाई तर कुठल्याच हिशेबात नाही. भाव पडला की पहिली कात्री तिच्याच मजुरीला लागते.

हे नवीन नाही. १८९६ साली इंग्रज सरकारने आयात कापडावर साडेतीन टक्के शुल्क ठेवले आणि मँचेस्टरच्या गिरणीमालकांचे समाधान व्हावे म्हणून येथील गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच अबकारी कर लादला. तो हटायला १९२५-२६ साल उजाडावे लागले. शुल्काचा दर हा नुसता आकडा नसतो, त्यामागे कुणाचा आवाज पोहोचला हे असते. बाबासाहेबांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यकारभारापासून रुपयाच्या प्रश्नापर्यंत सरकारी अर्थकारणाचा अभ्यास केला. संविधान सभेत त्यांनी दाद मागण्याच्या हक्काला, आजच्या कलम ३२ ला, संविधानाचा आत्मा मानले. उपाय नसलेला हक्क म्हणजे भिंतीवरचे चित्र.

म्हणून चळवळीच्या मागण्या नेमक्या असाव्यात. पोर्टल पूर्ण स्थिरावेपर्यंत कागदी अपिलाचा मार्ग खुला राहावा आणि पोर्टल बंद असलेला प्रत्येक दिवस मुदतीतून वगळावा. फॉर्म मराठीत भरता यावा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते आणि त्या कायद्यात ‘न्यायालय’ या शब्दात ट्रिब्युनलही येते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात कस्टम व जीएसटीच्या अपिलांसाठी मदतकक्ष हवा, आणि आपल्या तरुण उद्योजकांनी हा हक्क आजच मागायला सुरुवात करावी. शेवटची मागणी सर्वांत मोठी. शेतमालावरील शुल्क माफ करण्यापूर्वी त्याचा मसुदा प्रसिद्ध करा आणि शेतकऱ्यांच्या व शेतमजुरांच्या संघटनांना त्यावर हरकत नोंदवू द्या. ज्या संगणकावर आयातदाराचे अपील घेता येते, त्याच संगणकावर हिंगणघाटच्या कापूसवाल्याची हरकत घ्यायला काय अडचण आहे?

सिंदी रेल्वेला ड्राय पोर्ट आणण्याची योजना वर्षानुवर्षे गाजते आहे. जगाचा व्यापार वर्ध्याच्या दाराशी येणार असेल तर त्या व्यापारातला न्यायही दाराशी आला पाहिजे. नाही तर कंटेनर आपल्या शेताशेजारून जातील आणि आपण बांधावर उभे राहून ते मोजत बसू. मोजणारे नव्हे, जाब विचारणारे व्हा!