चावा बरा होत नाही, तेव्हा दोष माशीचा नसतो

पावसाळा सरत आला, की आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातील दवाखान्यात एक ठरलेली गर्दी सुरू होते. दसऱ्यासाठी माळा साफ करताना कोणाचा हात गांधीलमाश्यांच्या पोळ्याला लागलेला असतो, गवत कापताना कोणाला मधमाशी डसलेली असते, तर कोणाला अंगणात मुंगळा चावलेला असतो. यातल्या बहुतेकांना मी औषध कमी आणि धीर जास्त देऊन परत पाठवतो. कारण या चाव्यांचा हिशेब ठरलेला आहे. पहिले दोन दिवस सूज वाढते, मग उतरू लागते आणि आठ-दहा दिवसांत थोड्या खाजेशिवाय काही उरत नाही.

पण दर वर्षी दोन-चार जण असे येतात, की ज्यांचा चावा महिना उलटला तरी ओलाच असतो. त्यांच्या तोंडी वाक्य मात्र एकच असते, "डॉक्टर, विष अजून उतरलं नाही." आज मला या वाक्याविरुद्ध लिहायचे आहे, कारण या वाक्यामुळे माणसांचे पाय जातात.

गांधीलमाशीचे विष शरीरात महिनाभर ठाण मांडून बसत नाही. थोड्या दिवसांत शरीर त्याचा निकाल लावते. दोन आठवड्यांनंतरही जखम भरत नसेल, तर माशीने काय सोडले हा प्रश्नच उरत नाही. त्या जागी रक्त किती पोहोचते आणि त्या रक्तात साखर किती आहे, हा प्रश्न असतो. जखम भरण्याचे सगळे सामान रक्तातूनच येते. गवंडी दारात उभा आहे, पण वाळू-सिमेंटचा ट्रक येण्याचा रस्ताच बंद आहे, अशी त्या जखमेची गत होते.

आमच्या पेठेत एक आप्पा आहेत. एस. टी.त कंडक्टर होते, निवृत्त होऊन दहा वर्षे झाली. परसातली कुंपणाची वेल तोडताना त्यांच्या उजव्या पायाला, घोट्याच्या वर, गांधीलमाशी चावली. काकूंनी ताबडतोब चुना लावला. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून बिब्बा घातला. तो उतला आणि बोटभर फोड आला. मग ते माझ्याकडे आले. मी धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, मलम दिले, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा आले, तेव्हा मी मलम बदलले. तिसऱ्यांदा आले ते सहाव्या आठवड्यात, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून.

त्या दिवशी मी प्रथमच त्यांना दोन्ही पायांतल्या चपला काढून टेबलावर झोपायला सांगितले. वाचकहो, ही गोष्ट मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. उजवा पाय डाव्यापेक्षा स्पष्ट गार लागत होता. नडगीवरचे केस गेलेले, कातडी ताणलेली आणि चकचकीत. पंजावरची नाडी लागेना, घोट्यामागचीही लागेना. रक्त तपासले, तर उपाशीपोटी साखर २१०. आप्पांना मधुमेह आहे हे त्यांना ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते, कारण आम्ही दोघेही फक्त माशीकडे पाहत होतो.

मग विचारपूस केली. "आप्पा, चालताना पोटरी दुखते का?" तर म्हणाले, "दुखत नाही, पण गोळा येतो. पेठेतून स्टँडवर जाताना मारुतीच्या देवळापाशी बसावं लागतं. दोन मिनिटांत बरं वाटतं. वयच झालं की आता!" हे किती दिवसांपासून? दोन वर्षे. आणि बिडी? ती मात्र चाळीस वर्षे.

ठरावीक अंतर चालले की पोटरीत गोळा येणे आणि थांबल्यावर तो जाणे, हे वयाचे लक्षण नव्हे. पायाला शुद्ध रक्त नेणारी रोहिणी आतून अरुंद झाल्याची ती सूचना आहे. आप्पांचा पाय दोन वर्षे सूचना देत होता. गांधीलमाशीने नवे काही केले नाही, जे होते ते उघडे पाडले.

आता घरगुती उपायांकडे वळतो. 'रक्ताभिसरण मंद आहे' असे आपण सर्रास म्हणतो आणि त्यावर मोबाईलवर रोज एक उपाय येतो. पण या एका शब्दाखाली दोन अगदी उलट आजार लपलेले असतात. एकात रक्त पायापर्यंत उतरतच नाही. तो रोहिणीचा दोष. दुसऱ्यात रक्त पायात उतरते, पण वर परतत नाही. तो नीलांचा, म्हणजे अशुद्ध रक्त परत नेणाऱ्या वाहिन्यांचा दोष. एकाचे औषध ते दुसऱ्याचे विष ठरू शकते.

याच पेठेत खानावळीत पोळ्या लाटणाऱ्या एक मावशी आहेत. आठ-नऊ तास ओट्यापाशी उभ्या असतात. आदल्या वर्षी त्यांच्या घोट्याच्या आतल्या बाजूला डास चावला, खाजवून खाजवून जखम झाली आणि ती तीन महिने हटेना. त्यांचा पाय उबदार होता, नाडी चांगली लागत होती. मात्र संध्याकाळी सूज यायची, जखमेभोवतीची कातडी तपकिरी-काळी पडली होती आणि पोटरीवर निळ्या शिरा दोरीसारख्या फुगल्या होत्या. हा नीलांचा दोष. त्यांना मी दिवसातून तीन-चार वेळा आडवे पडून पाय छातीच्या पातळीच्या वर ठेवायला सांगितले आणि पंजापासून गुडघ्यापर्यंत इलॅस्टिक पट्टी बांधली. दहा आठवड्यांत जखम भरली. पेठेत या पट्टीची मोठी कीर्ती झाली.

आप्पांच्या सुनेने ती कीर्ती ऐकली होती. मुलगी गुणाची, सासऱ्यांची काळजी घेणारी. तिने आप्पांच्या पायाखाली दोन उशा ठेवल्या आणि तशीच घट्ट पट्टी बांधली. आप्पा रात्रभर कण्हत राहिले. पहाटे पाय खाटेखाली लोंबकळता सोडला, तेव्हा कुठे डोळा लागला. ज्या पायात रक्त मुळात कमी उतरते, तो उंच केला तर जे थेंबभर येते तेही थांबणार आणि पट्टीने उरलासुरला रस्ताही आवळला जाणार. रात्री दुखणारा पाय खाली सोडल्यावर ज्याला बरे वाटते, त्याने दुसऱ्याच दिवशी डॉक्टर गाठावा. एवढी एक ओळ वाचकांनी कापून ठेवली तरी मला पुष्कळ आहे.

यावर कडी झाली ती शेकण्याने. पाय गार म्हणून काकूंनी रबरी पिशवीत कढत पाणी भरून पावलाला लावली. मधुमेहाने आप्पांच्या पायाची संवेदना गेलेली होती, त्यांना भाजल्याचे कळलेच नाही. सकाळी पायाच्या करंगळीवर पाण्याचा फोड. ती करंगळी पुढे काढावी लागली. चाव्याची जखम शहरातल्या रुग्णालयात रोहिणीतला अडथळा फुग्याने रुंद केल्यावर तीन महिन्यांत भरली. म्हणजे गमावले ते शेकण्यामुळे, माशीमुळे नव्हे.

असे लिहिले, की मला पत्रे येतात: "तुम्ही डॉक्टर मंडळी आजीबाईच्या बटव्याला नावे ठेवता." मी नावे ठेवत नाही. ताज्या चाव्यावर साबण-पाण्याने धुणे आणि गार पाण्याची घडी ठेवणे हा घरगुती उपायच आहे आणि त्याहून चांगला उपाय माझ्याकडेही नाही. मधमाशीचा काटा राहिला असेल, तर तो नखाने, चिमटीने, कसाही, पण झटकन काढावा. तो चिमटीत धरू नये, खरवडूनच काढावा, असे पूर्वी सांगत. १९९६ साली अमेरिकेतील संशोधकांनी स्वतःच्या हातावर मधमाश्या डसवून घेऊन 'लॅन्सेट'मध्ये लिहिले, की काटा कसा काढला याला महत्त्व नाही, किती लवकर काढला याला आहे. गांधीलमाशी काटा सोडत नाही, तेव्हा तो शोधत बसू नये. चावलेल्या जागी लोखंडी किल्ली घासतात. त्याने बिघडत नाही आणि सुधारतही नाही. चुना मात्र नको. विष कातडीच्या आत टोचलेले असते, चुना वर राहतो आणि वरची कातडी जाळतो. बिब्बा नको. ठेचलेला लसूण बांधून ठेवू नका, त्यानेही फोड येतात. लसूण चटणीत खा. शेण, माती, तंबाखू उघड्या जखमेवर कदापि नको. हळदीबद्दल मला वाद घालायचा नाही, पण ओल्या जखमेवर तिचा जाड थर बसला, की खाली पू झालेला कोणालाच दिसत नाही.

रक्ताभिसरण खरोखर सुधारणारे घरगुती उपाय दोन आहेत आणि दोन्ही फुकट आहेत. म्हणूनच बहुधा ते कोणाला पटत नाहीत. पहिला, बिडी-सिगारेट बंद करणे. कमी करणे नव्हे, बंद करणे. चाळिशीच्या आतल्या माणसांच्या हातापायांच्या रक्तवाहिन्या तंबाखूने बंद पडण्याचा एक आजार आहे. १९०८ साली लिओ बर्गर या डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला बर्गरचा आजार म्हणतात. आपल्याकडे तो बिडी ओढणाऱ्यांत दिसतो. त्यात तंबाखू सुटली तर पाय वाचण्याची आशा असते, चालू राहिली तर बोटे एकामागून एक जातात.

दुसरा उपाय चालण्याचा. ज्यांच्या पोटरीत गोळा येतो, पण पायावर उघडी जखम नाही, त्यांनी दुखेपर्यंत चालावे, थांबावे, दुखणे गेले की पुन्हा चालावे. असे अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीन दिवस, निदान तीन महिने. आजूबाजूच्या लहान रक्तवाहिन्या कामाला लागतात, स्नायूही मिळेल त्या रक्तात जास्त काम करायला शिकतात आणि मारुतीच्या देवळापाशी थांबणारा माणूस पुढच्या चौकापर्यंत जातो. जखम असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

घरच्या घरी करण्यासारखी तपासणीही आहे. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याकडून घोट्याकडे जाणाऱ्या शिरेच्या बाजूला दोन बोटे हलकेच ठेवा. मग घोट्याच्या आतल्या हाडामागे ठेवा. दोन्ही पायांची तुलना करा. काही निरोगी माणसांत पावलावरची नाडी मुळातच लागत नाही, तेव्हा लगेच घाबरू नका. पण दोन्ही ठिकाणी नाडी लागत नसेल आणि पाय गार असेल, तर दाखवा. पायातला आणि दंडातला रक्तदाब मोजून त्यांचे प्रमाण काढले, की उलगडा होतो. ते ०.९ च्या खाली असेल, तर रोहिणीत अडथळा आहे असे समजतात. ही तपासणी केल्याशिवाय कोणाच्याही जखमी पायाला घट्ट पट्टी बांधू नये, अगदी मावशींना गुण आला असला तरी.

साखरेची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते आणि तिशीनंतर प्रत्येकाने ती करून घ्यावी असा सरकारी कार्यक्रमच आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात सुमारे १० कोटी मधुमेही असल्याचा अंदाज आहे. आप्पांसारखे न कळलेलेही पुष्कळ असतात. मधुमेह्याने तर दोन आठवडेसुद्धा थांबू नये. पायावरचा चावा दोन-तीन दिवसांत सुकायला लागला नाही, तर दवाखाना. रोज रात्री पावले पाहावीत. स्वतःला वाकता येत नसेल, तर आरसा खाली ठेवून पाहावे. पाणी किती गरम आहे ते पायाने नव्हे, कोपराने ठरवावे. थंडीत पिशवीऐवजी सुती मोजे घालावेत. चैत्रातल्या जत्रेत तापलेल्या फरशीवरून अनवाणी प्रदक्षिणा घालणाऱ्या मधुमेह्यांना मी दर वर्षी हात जोडतो.

आणखी एक. 'काहीतरी चावलं' म्हणून येणाऱ्या निम्म्या रुग्णांनी तो किडा पाहिलेलाच नसतो. मधुमेह्याच्या पायाला आपोआपही फोड येतात. काळी खपली, ती दुखत नाही, पण ताप आहे, तर तो गोचिडीसारख्या बारीक किड्यापासून होणारा स्क्रब टायफस असू शकतो. २०१८ साली नागपूर भागात त्याची साथ आली होती आणि त्यावर वेळेत दिलेले औषध चांगले लागू पडते. चावल्यावर ओठ-जीभ सुजली, धाप लागली, चक्कर आली, तर घरी एक मिनिटही घालवू नये. विंचवाची गोष्टही निराळी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून किती तरी जीव वाचवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते औषध रुग्णालयात मिळते, बटव्यात नव्हे.

आम्हा डॉक्टरांनाही एक सांगायचे आहे. गर्दीच्या वेळी आपण पायाची जखम रुग्ण खुर्चीत बसलेला असतानाच पाहतो, दुसऱ्या पायातली चप्पल काढायला सांगतच नाही. दोन पायांवर हात ठेवायला अर्धे मिनिट लागते. मी ते अर्धे मिनिट दोनदा वाचवले आणि आप्पांचे सहा आठवडे घालवले. आता माझ्या टेबलाजवळ चपला काढण्यासाठी एक चौरंग ठेवला आहे.

आप्पांनी बिडी सोडली. सकाळी स्टँडपर्यंत जातात, मारुतीपाशी न बसता, नुसता नमस्कार करून पुढे. काकूंनी चुन्याची डबी पानाच्या तबकात परत ठेवली. रबरी पिशवी मात्र टाकू दिली नाही. त्यांच्या स्वतःच्या पाठीला ती लागते म्हणाल्या.