आधी कानांना सांगा

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी रुग्णांना टीव्हीवर किंवा मोबाईलवर माहितीची चित्रफीत दाखवतात. पद्धत चांगलीच आहे. पण दिसत नाही म्हणून जो दवाखान्यात आला, त्याच्यापुढे बारीक अक्षरांचा पडदा ठेवून काय साधतं, हा प्रश्न माझ्यातल्या मास्तराला पडतो.

आमच्या भंडारा जिल्ह्यातली म्हातारी माणसं दुखण्याला फारशी भीत नाहीत. उभा जन्म चिखलात धानाची रोवणी करण्यात गेलेला. त्यांना भीती असते ती न कळलेल्या गोष्टीची. "डोरा बाहेर काढून ठेवतात का जी?" हे मला कितीतरी जणांनी विचारलं आहे. डोळा कुणी बाहेर काढत नाही. आतलं गढूळ झालेलं भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवतात, एवढंच. पण हे कुणी नीट न सांगितल्यामुळे "पिकू द्या, मग पाहू" म्हणत वर्षं निघून जातात, आणि एक दिवस घरची पायरीही दिसेनाशी होते.

आपल्या देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. डॉ. तात्याराव लहाने, नागपूरचे डॉ. विकास महात्मे यांच्यासारख्या डॉक्टरांनी गोरगरिबांपर्यंत शस्त्रक्रिया पोचवली. सोय दाराशी आली, पण मनातली भीती काढायचं काम अजून पुष्कळ बाकी आहे.

माझ्या शस्त्रक्रियेच्या वेळी (दवाखान्याचं नाव घेत नाही) बाहेर एक चित्रफीत लावली होती. निवेदन इंग्रजी, आणि पडद्यावर पापण्या ताणलेला भला मोठा डोळा. शेजारच्या बाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला. धीर देण्यासाठी केलेल्या गोष्टीने त्यांचा होता तो धीरही गेला!

मंडळी, थोडा विचार करा. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्ण बहुधा जागा असतो. डोळा थेंबांनी किंवा इंजेक्शनने बधिर केलेला, चेहऱ्यावर कापड, वर झगझगीत उजेड. डोळ्यावर पाणी सोडलेलं जाणवतं. दंडाला बांधलेला रक्तदाबाचा पट्टा मध्येच आवळतो. फेको पद्धत असेल तर यंत्राचा आवाज येतो. डॉक्टर-नर्सचं बोलणं कानावर पडतं. म्हणजे तो सारा वेळ रुग्ण पाहतो थोडं, ऐकतो जास्त. म्हणून माझं मत असं की ही चित्रफीत आधी कानांसाठी हवी. यंत्राचा खरा आवाज ऐकवावा आणि सांगावं, "हा आवाज येईल, घाबरू नका. खोकला आला तर आधी सांगा, एकदम मान हलवू नका." टाक्याविना होणाऱ्या दुसऱ्या पद्धतीत हे यंत्र नसतं. तिथे तिची वेगळी माहिती द्यावी.

भाषा आपली हवी. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी जिचा अभ्यास केला त्या आमच्या झाडीबोलीत एखादी शस्त्रक्रिया झालेली आजी बोलली, तर तिचा शब्द दहा आकृत्यांपेक्षा लवकर पटेल. फीत आदल्या दिवशी, निवांतपणी आणि दोनदा ऐकवावी. ऐकायला कमी येणाऱ्यांजवळ नातेवाइकांनी बसावं.

मात्र फीत लावली म्हणजे काम झालं असं नव्हे. शाळेत धडा वाचून झाल्यावर आम्ही विचारायचो, "काय समजलं, सांगा बरं?" तसं इथेही कुणीतरी विचारायला हवं. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात रुग्णांशी बोलायला वेगळे समुपदेशक असतात. संमतीपत्रावर अंगठा घेण्याआधी रुग्णाला पुरेशी माहिती मिळायला हवी, हे सर्वोच्च न्यायालयानेही २००८ च्या समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलं आहे. प्रश्न विचारायला जागाच नसेल, तर त्या अंगठ्याला अर्थ काय?

असो. हे सारं दवाखान्यांवर सोडून आपण मोकळं होऊ नये. औषध-पाण्याच्या सूचना डॉक्टरांनीच द्याव्यात. पण आपल्या घरात ज्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांना काय वाटलं, काय ऐकू आलं, पट्टी सुटल्यावर आधी कुणाचा चेहरा दिसला, हे त्यांच्याच बोलीत पाच मिनिटं मोबाईलवर नोंदवून ठेवा. नातवंडं हे काम हौसेने करतील. शेजारची आजी अजून "पिकू द्या" म्हणत बसली असेल, तिला ते ऐकवा.