वृद्धाश्रमातले ताट आणि पाण्याचा पेला

वृद्धाश्रमाला मदत करायची म्हटली की आपल्याला अन्नदान आठवते. कुणाचे पुण्यस्मरण असते, कुणाचा वाढदिवस. त्या दिवशी तिथे पुरी आणि जिलेबी जाते. हेतू चांगलाच असतो. परंतु तोंडात दात नसलेल्या किंवा मधुमेह असलेल्या म्हाताऱ्या माणसाला काय चालते, हे आपण विचारतो काय?

आपल्या जिल्ह्यात हा विचार करताना आनंदवन डोळ्यांपुढे येते. वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर बाबा आमटे यांनी सहा कुष्ठरुग्णांसह काम आरंभले, तेव्हा जवळ एक लंगडी गाय आणि १४ रुपये होते. त्यांनी विहीर खणली, भाजी पिकवली. पण रोगाच्या भीतीने ती कुणी घेईना. १९५४ साली देशोदेशींचे स्वयंसेवक तिथे मुक्काम करून राबले, तेव्हा कुठे ही भीती ओसरू लागली. आपल्या हातची भाजी गावाच्या ताटात जाणे, हा त्या रुग्णांच्या दृष्टीने मानाचा प्रश्न होता. वृद्धाश्रमातही तो तसाच आहे. जिला जमेल त्या आजीला भाजी निवडू द्यावी, वाढू द्यावे. मग ती आश्रित राहत नाही.

आता पाण्याचे पाहा. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि म्हातारपणी तहानेची जाणीवच मंदावते. रात्री लघवीला उठावे लागेल म्हणून कित्येकजण पाणी पिण्याचेच टाळतात. अशा वेळी कोपऱ्यात माठ भरून ठेवला म्हणजे कर्तव्य संपले असे नव्हे. पेला हाताशी हवा आणि आठवणीने पाजणारे कुणी हवे. कुष्ठरोगाने ज्याची बोटे बधिर झाली, त्याला तापलेल्या पेल्याचा चटका कळत नाही. त्याला लाकडी मुठीचा पेला द्यावा लागतो. गडचिरोलीच्या धानपट्ट्यात आयुष्य गेलेल्या आजीला सकाळी पेज हवीशी वाटली, तर तो तिचा हट्ट म्हणू नये.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात निर्वाहामध्ये अन्नाचा समावेश आहे. निराधार वृद्धांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० जणांचे निवासगृह असावे, असेही त्यात म्हटले आहे. पण घास किती मऊ हवा, हे कायदा कसे सांगणार? ते शेजारी बसूनच कळते.

विद्यार्थी मित्रहो, यापुढे वृद्धाश्रमात जाल तेव्हा मिठाईचा पुडा नसला तरी चालेल. जेवणाच्या वेळी जा, एखाद्या आजोबांजवळ बसा आणि त्यांचे जेवण होईपर्यंत उठू नका.