खोटी गाडी, खरी विद्या

के. आर. पुरमच्या झुलत्या पुलापाशी रोज सायंकाळी अडकून पडणाऱ्या आम्हां मराठी अधिकाऱ्यांच्या घरांत सध्या एकच तक्रार ऐकू येते : मुलगा संगणकाला चाक जोडून खोट्या गाड्या पळवितो! हा निव्वळ कालापव्यय, असे म्हणणाऱ्यांनी त्या चाकामागे एकदा बसून पाहावे, असे आमचे आव्हान आहे.

जर्मनीतील नॉर्डश्लाइफ हा 1927 साली खुला झालेला शर्यतमार्ग सुमारे 21 किलोमीटर लांबीचा आहे. सत्तरांहून अधिक वळणे, त्यांतील कित्येक टेकाडाआड दडलेली. आयरेसिंगमध्ये तो लेसरने मोजून, उंचसखलपणासह उतरविला आहे. तेथे नुसत्या डोळ्यांवर विसंबून भागत नाही. ब्रेक कोठे दाबावा, कोठे सोडावा, हे शेकडो फेऱ्यांनंतर हातापायांना उमगते. आणि मग एखादी फेरी निर्दोष साधते, तेव्हाचा रोमांच अवघड तानेनंतर नेमकी सम गाठणाऱ्या गायकालाच कळावा.

जिवाला धोका नाही तेथे विद्या कसली, असा आक्षेप येईल. मग रेल्वे आपल्या इंजिनचालकांना सिम्युलेटरवर का शिकविते? 2011 साली ग्रॅन टुरिस्मो या खेळातून निवडला गेलेला यान मार्डनबरो 2013 साली ल मान्सच्या 24 तासांच्या शर्यतीत उतरला, तो कसा?

झोप आणि अभ्यास बुडू नये, ही अट रास्तच. पण बदलीच्या हुकुमासरशी मुलाची शाळा सुटते, मैदान सुटते, सवंगडी सुटतात. हा मार्ग तेवढा त्याच्याबरोबर येतो. तोही आम्ही कोणत्या तोंडाने हिरावून घ्यावा?